चाळीस जणींचा एक पास

मित्रांनो, मी एक जुना लाकडी पास आहे. पास म्हटल्यावर तुम्हाला बसचा आठवेल, नाहीतर कुणीतरी ओळखीतून मिळवलेला सिनेमाचा. मी संडासाचा पास आहे. त्यात लाजण्यासारखं काही नाही. ज्यांना तिथे जावं लागत नाही त्यांनी पुढचं वाचू नये.

माझा जन्म करवतीखाली झाला. त्याआधी मी शर्टांच्या एका कारखान्यात बाकाचा पाय होतो आणि माझं बरं चाललं होतं. मग कामावरून काढलेल्या एका बाईने जाता जाता तो बाक उचलून मालकांच्या केबिनच्या काचेवर घातला. काच फुटली, बाक मोडला, बाई गेली. उरलेल्या पायाचं काय करायचं असं सुताराने विचारलं, तेव्हा इनचार्ज म्हणाला, "पास कर. आधीचा पितळी होता, तो आत पडला. असा कर की पडला तर आवाज आला पाहिजे."

सुताराने मला चिरलं, तासलं, डोक्याला भोक पाडलं, लाल रंग फासला. वीतभर लांब, चार बोटं रुंद, अंगठ्याएवढा जाड. इनचार्जने मला हातात तोलून बघितलं आणि टेबलावर आपटलं. समोरच्या चाळीस जणी दचकल्या. तो खूश झाला. माझं बारसं म्हणाल तर एवढंच.

कारखान्यात एका लाइनीत चाळीस बायका होत्या. अख्खा शर्ट कुणीच शिवत नसे. एक कॉलर शिवायची, एक बाही जोडायची, एक बटणं लावायची, आणि इतकी वर्षं तेच केल्यामुळे त्यांची नावंही तीच पडली होती. सगळ्यांत जुनी बाई कॉलर. सात महिन्यांची पोटुशी होती ती बटण. आणि जिची ही गोष्ट आहे ती खिसा. खिसाने अकरा वर्षं शर्टांना खिसे लावले. तिच्या स्वतःच्या एकाही कपड्याला खिसा नव्हता. बायकांच्या कपड्यांना खिसे का नसतात असं मी एकदा मनात विचारलं होतं. बहुतेक त्यांच्याजवळ ठेवण्यासारखं काही राहू नये अशी काळजी कुणीतरी फार पूर्वीच घेतली असावी.

इनचार्जला बायका पाठीमागे भोंगा म्हणत आणि समोर साहेब. त्याच्या टेबलाजवळ एक खिळा होता. मी तिथे टांगलेला असायचो आणि शेजारी भिंतीवर लिहिलं होतं: 'पास हरवणारीने दुसऱ्या दिवशी येऊ नये.' चाळीस जणींत मी एकटा. कुणी मागायला आली की भोंगा घड्याळाकडे बघायचा, मग तिच्या बंडलाकडे, मग तिच्याकडे. म्हणायचा, "तासाभरापूर्वी तर गेली होतीस. नळ आहेस का?" म्हणून बायका पाणीच पीत नसत. प्रत्येकीच्या मशीनखाली पाण्याची बाटली भरलेली यायची आणि भरलेली घरी जायची. उन्हाळ्यात एखादी लाइनीतच आडवी व्हायची. तिला बाजूला सरकवून मशीन दुसरीला द्यायचे.

माझं दुसरं काम तुम्हाला सांगायला मला जड जातं, पण आत्मवृत्त म्हटलं की खरं बोलावं लागतं. शिवण वाकडी आली की भोंगा मला खिळ्यावरून काढायचा आणि त्या बाईला हात मशीनवर पालथा ठेवायला सांगायचा. मग माझी कड तिच्या बोटांच्या पेरांवर. एकदा, दोनदा. फार जोरात नाही, कारण त्याच बोटांनी संध्याकाळपर्यंत शिवायचं असायचं. मी नाही म्हणू शकलो असतो का? मी लाकूड होतो. कारखान्यात बरीच माणसंही हेच कारण सांगत.

भोंगा मुळात वाईट होता असं मला म्हणायचं नाही. सकाळी मालक फोनवर त्याच्या आईचा उद्धार करत. मालकांना कुठल्या तरी दूरच्या दुकानाचा साहेब झापत असे, त्याला शर्ट आणखी स्वस्त हवे असत. मार हा पाण्यासारखा असतो, मित्रांनो. उतार सापडला की खाली येतो. आणि कारखान्यात खाली नेहमी बायकाच बसलेल्या असतात.

त्या दिवशी खिसा दुपारपासून मला मागत होती. भोंगा म्हणत होता, हे बंडल होऊ दे. सुट्टीला पाच मिनिटं राहिली तेव्हा मी तिला मिळालो. तिने मला सगळ्या जणी खोचत तसं पाठीमागे कमरेत खोचलं आणि पळाली. आता इथे एक गोष्ट समजून घ्या. दिवसभर वाकून शिवल्याने या बायकांच्या पाठी गेलेल्या होत्या. म्हणून बऱ्याच जणी कपड्यांखाली कमरेला एक सपाट फळकूट कापडाने आवळून बांधत, पाठ ताठ राहावी म्हणून. खिसाही बांधायची. ती आत असतानाच सुट्टीची घंटा झाली. बाहेर आली, तिच्या पाठीला लाकूड लागतच होतं. ते रोजच लागायचं. ती तशीच निघाली.

दरवाज्यावर एक बाई सगळ्यांना चाचपून सोडायची, कुणी कापड चोरू नये म्हणून. तिचा हात माझ्यावर आला.

"पाठ का गं?"

"पाठच."

"माझीपण गेली बघ," ती म्हणाली आणि आम्हा दोघांना सोडलं.

घर म्हणजे एक खोली, मध्ये फळ्यांचा आडोसा, पलीकडे चूल. खिसाने कमरेचं कापड सोडलं आणि एका फळकुटाच्या जागी दोन पडली. ती खाली बसली.

तिची सासू तिथे धागे कापत होती. म्हातारी दिवसभर घरी बसून आमच्याच कारखान्याच्या शर्टांचे सुटे धागे कापायची. कारखाना तिला कामगार म्हणत नसे. मालक म्हणत, बसल्याजागी विरंगुळा.

"काय आणलंस ते?" सासूने विचारलं.

"मरण आणलंय, आई. उद्या घंटेच्या आधी खिळ्यावर टांगलं नाही तर माझं काम गेलं."

"मग टांग की. त्यात रडायचं काय? आधी कांदा चीर, तो येईल."

मी पहिल्यांदाच घर नावाची जागा पाहत होतो. मला वाटलं होतं, सुट्टी झाली म्हणजे काम संपतं. इथे तर दुसरी लाइन चालू झाली. तिने पाणी भरलं, कांदा चिरला, स्वयंपाक केला, नवऱ्याचे ग्रीसचे कपडे घासले, सासूच्या गुडघ्यांना तेल लावलं, आणि हे सगळं एकदाही पाठ न टेकता. इथे घंटा नव्हती, त्यामुळे सुट्टीही नव्हती. दोन मालकांना रोज सकाळी दोन माणसं धुतलेली, जेवलेली, झोपलेली आयती मिळत होती. ती कोण तयार करून पाठवतं, याची चौकशी दोघांपैकी कुणीही केली नव्हती.

काम करता करता तिला हसू आलं. तिने मला आडोशाच्या खिळ्याला अडकवलं आणि म्हणाली, "आई, आजपासून चुलीपासून हलायचं तर पास घेऊन."

म्हातारी इतकी हसली की तिची कात्री पडली. "मला चाळीस वर्षांपूर्वी द्यायचास गं हा. मी एकदाच घेतला असता आणि परत आले नसते."

तेवढ्यात नवरा आला. तो एका गोदामात गाड्या रिकाम्या करायचा. त्या दिवशी एक खोकं पडलं म्हणून मुकादमाने त्याला सगळ्यांदेखत हातमोज्याने थोबाडलं होतं. हे त्याने घरात सांगितलं नाही. नंतर सासूला शेजाऱ्यांकडून कळलं. तो बसला आणि म्हणाला, "पाणी दे."

खिसाच्या तोंडावर अजून हसू होतं. ती म्हणाली, "अहो, पास आणा आधी."

वाईट विनोद नव्हता तो. वेळ वाईट होती.

तो उठला, मला खिळ्यावरून ओढलं आणि तिच्या डोक्यावर उगारलं. तिने हात आडवा घातला. माझी कड तिच्या उजव्या हाताच्या पहिल्या बोटावर बसली आणि मला ते आतून जाणवलं. ओली काटकी मोडते तसं. ती ओरडली नाही. ओरडली सासू.

"अरे हातावर नको, हातावर नको. उद्या तिला कामावर जायचंय."

त्याने तोंडाकडे नेम धरला.

"तोंडावर नको रे. लोक विचारतात."

मग पाठ उरली. पाठीवर त्याने मला सात-आठ वेळा घातलं. फळकूट तिने आधीच सोडलेलं होतं, त्यामुळे मध्ये काही नव्हतं. मारता मारता तो कुणाला तरी शिव्या देत होता, आणि त्या शिव्या तिला लागू पडत नव्हत्या. त्या मुकादमाच्या होत्या. शेवटी दमला आणि मला कोपऱ्यात फेकून जेवायला बसला. जेवण वाढायला सासू उठली. खिसा बोट मुठीत धरून भिंतीशी बसली होती. पाणी त्याने स्वतःच घेतलं, पासशिवाय.

सकाळी बोट भोपळ्याच्या देठाएवढं झालं होतं. एका हाताने पाणी भरायला, चूल पेटवायला, तीन माणसांचं करायला दुप्पट वेळ लागला. त्यातलं थोडं आपण करावं असं नवऱ्याला सुचलं नाही. त्याला वाईट वाटलं असेलही, पण वाईट वाटल्याने भांडी घासली जात नाहीत. खिसा धावत कारखान्यात पोचली तेव्हा घंटा वाजत होती आणि भोंगा रिकाम्या खिळ्याकडे बघत उभा होता.

"पास चोरीला गेलाय," तो म्हणाला. "जिने घेतलाय ती कळेपर्यंत एकही बाई जागेवरून उठणार नाही. मला घाई नाही. मी सकाळी जाऊन आलोय."

मी खिसाच्या कमरेत होतो. ती उठायला लागली तेव्हा शेजारच्या कॉलरने तिच्या पायावर पाय दिला.

"बस खाली."

"माझ्यापायी सगळ्यांना..."

"सांगितलंस तर काम जाईल. नाही सांगितलंस तर आमचं पोट दुखेल. पोट रोजच दुखतं. बस." मग तिचं लक्ष बोटाकडे गेलं. "हे मशीनने केलं का घरी?"

"घरी."

खिसाच्या बंडलातले निम्मे खिसे कॉलरने गुपचूप आपल्या मांडीवर ओढून घेतले.

असे पाच तास गेले. मशीनं चालत होती आणि चाळीस जणी गुडघे जुळवून बसल्या होत्या. दुपारी बटण उभी राहिली. पोटावर हात ठेवून म्हणाली, "साहेब, मला नाही थांबवत. बाळ दाबतंय."

"बाळाला सांग टार्गेट आहे."

ती दरवाज्याकडे चालू लागली. भोंग्याने तिचा दंड धरला आणि तिला मागे ढकललं. तिचं स्टूल घसरलं, मशीनच्या टेबलाची कड तिच्या पोटाला बसली आणि ती खाली गेली. तिच्याखाली फरशी ओली झाली. सगळ्या लाइनीने श्वास रोखला. मग कळलं की ती लघवी होती, दुसरं काही नव्हतं.

भोंगा तिच्याकडे बघून म्हणाला, "पुसून घे."

खिसा कधी उठली ते मला कळलं नाही. तिने डाव्या हाताने मला कमरेतून उपसलं आणि त्याच्या कपाळावर घातलं. मित्रांनो, मी बऱ्याच जणांना लागलो होतो. पण खालून वर मी तेव्हा पहिल्यांदाच गेलो. तो टेबल धरून खाली बसला. रक्त त्याच्या भुवईवरून नाकावर आलं. त्याने उठायचा प्रयत्न केला तसं तिने मला पुन्हा उगारलं.

"मी नेला होता पास," ती म्हणाली. "चुकून नेला. आता लिहा माझं नाव."

कुणीतरी मशीन बंद केलं. मग दुसरं, मग ओळीने सगळी. कॉलरने बटणला काखेत धरून उठवलं आणि त्या चाळीस जणी, भोंग्याला वळसा घालून, एकत्र संडासाकडे गेल्या. संडास दोनच होते, त्यातल्या एकाला कडी नव्हती. सगळ्यांचं व्हायला सव्वा तास लागला. त्या सव्वा तासात जगात कुठेही शर्टाचा एकसुद्धा तुटवडा पडला नाही.

मालक आले. गोड माणूस. आवाज कधी चढवत नसत. तो चढवायला त्यांनी माणूस ठेवला होता. भोंग्याच्या कपाळाला तीन टाके पडले आणि त्याला मालकांच्याच दुसऱ्या कारखान्यात इनचार्ज म्हणून पाठवण्यात आलं. पोलीस नकोत, मालक म्हणाले, दुसऱ्या दिवशी माल जायचा होता. मग त्यांनी खिसाला बोलावलं.

"तू मला मुलीसारखी. या बोटाने तुला दोन महिने तरी शिवता येणार नाही, हो की नाही? आणि बसवून कुणाला मी ठेवू शकत नाही. पण मी विचार केला, बायकांचं दुःख बाईलाच कळतं. आजपासून इनचार्ज तू. ती खुर्ची, तो पंखा. पास तू द्यायचास. टार्गेट तेवढं तेच राहील."

आणि त्यांनी मला पुसून तिच्या हातात दिलं.

तिच्यापुढे दोनच वाटा होत्या, खुर्ची नाहीतर घर. आणि घरी काय होतं ते मी पाहून आलो होतो. ती खुर्चीवर जाऊन बसली. मला तिचा राग आला नाही. तिच्या पाठीला पहिल्यांदाच टेकायला काहीतरी मिळालं होतं.

दवाखान्यात जाऊन आलेली बटण तासाभराने तिच्यासमोर उभी राहिली. बाळ ठीक होतं. तिने मान खाली घातली आणि विचारलं, "जाऊ का, बाई?"

कालपर्यंत ती हिला 'अगं खिसा' म्हणायची.

खिसा माझ्याकडे बघत बसली. माझ्या एका कडेला तिचं रक्त होतं, दुसऱ्या कडेला भोंग्याचं, आणि मालकांनी पुसूनही दोन्ही लाकडात मुरलं होतं. मग ती उठली, मला घेऊन कापड कापतात तिथे गेली. तिथला कटिंग मास्तर अबोल माणूस होता. त्याच्या मशीनचं पातं थरांवर थर लोण्यासारखे कापायचं.

"मास्तर, हे चिरा."

"पात्याला लाकूड चालत नाही. धार जाईल."

"जाऊ दे."

मास्तरने तिच्या बोटाकडे पाहिलं. "सरका मग. एक हात निकामी आहे तुमचा, दुसरा घालवाल." आणि त्याने आपला लोखंडी जाळीचा मोजा चढवून मला पात्यात घातलं. उभा. एकदा, दोनदा, तीनदा. ते दुखलं असं मी सांगितलं तर तुम्हाला बरं वाटेल, पण मी आवाज तेवढा केला. मी चार पातळ पट्ट्या होऊन फरशीवर पडलो.

मालक केबिनबाहेर आले. "हे काय? खुर्ची नको, तर मग खिसे कोण लावणार? ही तर शिवू शकत नाही."

कॉलर मशीनवरून न उठता म्हणाली, "संध्याकाळी खिसे मोजून घ्या, मालक. पुरे भरले तर कुणी लावले ते विचारू नका. बोट बरं होईपर्यंत हिची जागा हिचीच राहील. तिथे दुसरी बसवलीत, तर आम्ही एकोणचाळीस जणी तिच्याकडे एकही शर्ट सरकवणार नाही, सगळे बिनखिशाचे जातील."

मालकांनी घड्याळ बघितलं. गाडी सकाळी यायची होती. ते आत गेले आणि त्यांनी दार हळू लावलं. त्यांचा स्वभाव गोड होता हे मी सांगितलंच आहे.

खिसा त्या संध्याकाळी घरी गेली नाही. कॉलर तिला आपल्या खोलीवर घेऊन गेली, आणि मला पिशवीत, चूल पेटवायला. अजून पाणी उकळायचं होतं तेवढ्यात दार वाजलं. सासू होती. काखेत बोचकं, त्यात तिची कात्री.

"आई, तुम्ही कशाला आलात?" खिसा म्हणाली. "त्यांचं जेवण..."

"तो मोठा झालाय. सरक जरा." म्हातारी दम खात खाली बसली. मग म्हणाली, "हातावर नको म्हणाले मी काल. नुसतं नको म्हणायला हवं होतं."

म्हातारीने तिचं बोट आपल्या मांडीवर घेतलं, दाबून पाहिलं, आणि चुलीशी पडलेल्या माझ्यातल्या दोन पट्ट्या उचलल्या. कात्रीने टोकं खरवडली. एक पट्टी बोटाखाली, एक वर, आणि बोचक्यातल्या कापडाची चिंधी फाडून घट्ट बांधलं. खिसा पहिल्यांदा ओरडली. "ओरड," सासू म्हणाली, "इथे कुणी नाही."

माझ्या उरलेल्या दोन पट्ट्यांवर त्या तिघींचा स्वयंपाक झाला.

त्या बोटावर मी साडेसहा आठवडे होतो. बोट जुळलं, पण थोडं वाकडंच. खिसे मात्र सरळ लागतात. लाइनीत अजून चाळीस जणी आहेत, आणि पाण्याच्या बाटल्या रिकाम्या घरी जातात. टार्गेट तेच आहे. त्यावर त्यांची भांडणं चालू आहेत, आणि मालक दर आठवड्याला आणखी गोड होत चालले आहेत. खिसाचा नवरा दोनदा बोलवायला येऊन गेला. पहिल्यांदा त्याने विचारलं, घर कोण सांभाळणार. दुसऱ्यांदा विचारलं, कांदा किती वेळ परतायचा. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर त्याला दारातूनच मिळालं.

मित्रांनो, आता मी कॉलरच्या खिडकीत असतो. दोन पातळ पट्ट्या, चिंधीत गुंडाळलेल्या. तुमच्याकडे माझ्यासारख्या लाकडाच्या वस्तू असतील. लाटणी असेल, पट्टी असेल, काठी असेल. त्यांना ओल लागू देऊ नका, वर्षातून एकदा तेल द्या. आणि त्या कुणाच्या हातात आहेत, एवढं मात्र रोज बघत जा. आम्ही स्वतःहून काही करत नाही, पण सांगितलेलं सगळं करतो.